जे काही केले असेल ते

क्षमा करणं हे माणसाच्या हातून होऊ शकणारं सर्वांत थोर कृत्य आहे. हे वाक्य माझं नाही. आमच्या मराठी मंडळाच्या मावळत्या अध्यक्षांनी ते संक्रांतीच्या कार्यक्रमात माइकवर उच्चारलं, तेव्हा समोर साठेक माणसं बसली होती आणि त्यांतल्या निम्म्यांचं लक्ष गुळाच्या पोळ्या गरम होत असलेल्या मायक्रोवेव्हकडे होतं. वाक्य संपवून अध्यक्षांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि मला माफ केलं.

मी काय केलं होतं हे त्यांनी सांगितलं नाही. न सांगणं हाच त्या कागदाचा मुद्दा होता.

मी एकटी नव्हते. आम्ही पाच जण होतो: स्वतः अध्यक्ष, मी म्हणजे सचिव, माझा नवरा आणि समितीतले आणखी दोघे. गेल्या चार वर्षांत मंडळाच्या कामात या पाच जणांनी 'जे काही केले असेल ते' मंडळ पूर्णपणे आणि बिनशर्त माफ करत आहे, असं त्यात लिहिलं होतं. अध्यक्ष स्वतःलाही माफ करत होते. हे कायद्यात बसतं की नाही यावर इथले मोठमोठे वकील अजून भांडत आहेत, पण न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात त्या दिवशी कुणी हरकत घेतली नाही. टाळ्या पडल्या. पोळ्या आल्या.

अध्यक्षांना ही कल्पना कुठून सुचली ते सगळ्यांना माहीत होतं. त्याच जानेवारीत वॉशिंग्टनमध्येही खुर्ची बदलत होती. जाणाऱ्या राष्ट्राध्यक्षांनी शेवटच्या दिवसांत अशा काही माणसांना माफी दिली होती, ज्यांच्यावर खटला नव्हता की आरोपही नव्हता. उद्या नवे लोक येऊन काहीतरी उकरून काढतील, म्हणून आजच माफी. टीव्हीवर दिवसभर त्याचीच चर्चा होती. अध्यक्ष निवृत्त इंजिनियर, वय पंचाहत्तर. सकाळपासून टीव्हीसमोर बसायचे. आणि आमच्या मंडळातही नवे लोक येत होते. पुण्याहून आलेल्या आयटीवाल्या मुलांचं एक पॅनेल निवडून आलं होतं, आणि निवडणुकीच्या ईमेलमध्ये त्यांनी लिहिलं होतं की गेल्या वर्षीच्या विसर्जनाच्या वेळी नेमकं काय झालं याची चौकशी करू.

तर विसर्जन.

आमच्या मंडळाचा गणपती दर वर्षी मुलांच्या खेळायच्या निळ्या प्लास्टिकच्या टाकीत विसर्जित होतो. शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये टाकी ठेवायची, होजने पाणी भरायचं, मूर्ती तीनदा बुडवायची, आणि उरलेलं पाणी ज्यांच्याकडे तुळस आहे त्यांनी घरी न्यायचं. यात कुणाच्याही भावना दुखावत नाहीत आणि अग्निशमन दलही येत नाही. पण ते अध्यक्षांचं शेवटचं वर्ष होतं. त्यांनी ओक ट्री रोडवरच्या दुकानातून अडीच फुटांची मूर्ती आणली. शाडूची आहे, एका रात्रीत विरघळेल, असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं. अध्यक्षांनी टेप लावून हॉलचं दार मोजलं, आमची व्हॅन मोजली, मखर मोजलं. टाकी मोजली नाही. आयुष्यभर पूल बांधलेल्या माणसाने पाणीच तेवढं मोजायचं सोडलं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मूर्ती टाकीत बसेना. आडवी घालायला कुणी तयार नव्हतं. शेवटी आम्ही पाच जण मूर्ती व्हॅनमध्ये घेऊन काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, बागेतल्या तळ्यावर गेलो. काठावर पाटी होती: पोहू नये, बदकांना खायला घालू नये, पाण्यात काहीही टाकू नये. मी ती मोठ्याने वाचली. सचिवाचं काम वाचून दाखवायचं असतं.

"टाकू नये म्हटलंय," अध्यक्ष म्हणाले. "आपण टाकत नाही आहोत, सचिवबाई. आपण निरोप देतो आहोत."

मग चौघांनी पँट दुमडून मूर्ती पाण्यात नेली आणि मी आरतीचं ताट आणि चार जोडी बूट सांभाळत काठावर उभी राहिले. पाणी गुडघाभरच होतं. गणपती बुडाला नाही, बसला. पोटापर्यंत पाण्यात, तोंड पार्किंगकडे. एक रानटी हंस जवळ येऊन त्याच्याकडे बघून गेला. आम्ही पुढच्या वर्षी लवकर या म्हणालो, पण इतक्या हळू आवाजात की फारसं आग्रहाचं आमंत्रण वाटू नये. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत कामावर जाताना मी गाडी हळू करून पाहिलं. तो तिथेच होता. तिसऱ्या दिवशी नव्हता. विरघळला, असं मी समजले.

एवढाच तो प्रसंग. मी तो विसरूनही गेले असते. पण महिनाभर आधी, ऑगस्टमध्ये, मी अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज भरला होता.

बावीस वर्षं मी ग्रीन कार्डावर काढली. नवरा कधीच नागरिक झाला, मुलगी इथेच जन्मली, आणि मी मात्र दर वेळी टाळत आले. त्या शपथेत देशासाठी शस्त्र उचलीन असं म्हणावं लागतं. मी लायब्ररीच्या संदर्भ विभागात बसते. आमच्याकडे स्टेपलर उचलायचा झाला तरी विचारून उचलावा लागतो. शिवाय मोठ्या हॉलमध्ये उभं राहून हात वर करून काहीही म्हणायचा मला लहानपणापासून कंटाळा आहे. पण बाबा नव्वदीला टेकले होते आणि नागपूरला एकटे होते. मी एकुलती एक. ग्रीन कार्डावर एकशेऐंशी दिवसांहून जास्त देशाबाहेर राहिलं की परत येताना विमानतळावरचा अधिकारी तुम्ही खरंच इथे राहता का असं विचारू लागतो. त्याने विचारू नये म्हणून नागरिक व्हायचं, आणि मग बाबांपाशी लागेल तितकं राहायचं, असा माझा हिशेब होता.

त्या अर्जात एक प्रश्न आहे. ज्यासाठी तुम्हाला अटक झाली नाही असा एखादा गुन्हा तुम्ही कधी केला आहे का? 'कधी' हा शब्द मोठ्या अक्षरांत आहे. आजवर जे कुणालाच कळलं नाही ते आम्हाला सांगा, असा त्याचा सरळ अर्थ. ऑगस्टमध्ये मी 'नाही' लिहिलं, आणि ते खरं होतं. सप्टेंबरपासून ते तसं राहिलं नव्हतं, आणि मुलाखतीच्या दिवशी हेच प्रश्न पुन्हा शपथेवर विचारतात.

नोव्हेंबरात बाबा न्हाणीघरात पडले आणि मांडीचं हाड मोडलं. मी तीन आठवडे जाऊन आले. त्याहून जास्त थांबता येईना, कारण मुलाखतीचं पत्र कधीही येऊ शकत होतं, आणि ते चुकलं तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून. बाबांना सांभाळायला ठेवलेल्या मावशींनी उन्हाळ्यापर्यंत थांबेन असं सांगितलं होतं. पुढे त्या मुलाकडे राहायला जाणार होत्या. बाबा चाळीस वर्षं जिल्हा न्यायालयात बेंच क्लार्क, म्हणजे न्यायाधीशांपुढे बसून तारखा नोंदवणारे, होते. कधी येतेस असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. रोज सकाळी मी फोन केला की एवढंच विचारायचे, "तारीख लागली का?"

तर अशा अवस्थेत मी गुळाची पोळी हातात घेऊन उभी होते, आणि माइकवरून मला माझ्या नावानिशी, जे काही केले असेल त्याबद्दल, जाहीर माफी मिळत होती. दुसऱ्या दिवशी तो कागद स्कॅन होऊन मंडळाच्या वेबसाइटवर चढला. तोपर्यंत मी काही केल्याचा लेखी पुरावा कुठेही नव्हता. आता होता, आणि त्याच्यावर मंडळाचा शिक्का होता.

मी अध्यक्षांना फोन केला आणि म्हटलं, काका, माझं नाव त्यातून काढा.

"अहो, कवच आहे ते," ते दुखावल्या आवाजात म्हणाले.

"कशापासून?"

"जे येईल त्याच्यापासून."

"काहीच आलेलं नाही, काका."

"म्हणून तर आगाऊ दिली. आल्यावर दिली तर त्यात मोठेपणा कसला?"

सवयीप्रमाणे मी लायब्ररीत जाऊन वाचायला लागले. राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षांना दिलेला माफीचा अधिकार फार मोठा आहे. आरोप ठेवण्याआधीही माफी देता येते, अट एवढीच की गोष्ट घडून गेलेली असावी. पुढे करायच्या गुन्ह्यांची माफी आज काढून ठेवता येत नाही. शंभरेक वर्षांपूर्वी एका वृत्तपत्राच्या संपादकाला अशीच न मागितलेली माफी देऊ केली होती, म्हणजे मग मीच अडकेन असं म्हणून गप्प न राहता, बातमी कुणी दिली ते त्याला सांगावं लागलं असतं. त्याने ती घेतली नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, माफी नाकारायचा हक्क माणसाला आहे, कारण माफीला दोषाचा वास असतो, आणि ती घेणं म्हणजे कबुली देण्यासारखं आहे. हे शेवटचं वाक्य निकालाचा भाग होतं की न्यायमूर्ती जाता जाता बोलून गेले, यावर वकिलांचं आजही एकमत नाही. या देशात माफी निर्विवादपणे पचवलेला प्राणी एकच आहे, तो म्हणजे नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला राष्ट्राध्यक्ष जिला सोडून देतात ती टर्की. तिने काय केलं होतं हे तिला कुणी विचारत नाही.

मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आपण मराठी माणसं आगाऊ माफी मागतो. लग्नाच्या पत्रिकेत खाली छापतो, नजरचुकीने आमंत्रण राहिलं असल्यास क्षमस्व. आभाराच्या भाषणात म्हणतो, कुणाचं नाव राहिलं असेल तर मोठ्या मनाने. पूजा झाली की देवालाही सांगतो, काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घे. मी स्वतः सचिव म्हणून प्रत्येक पत्रकाखाली हे वाक्य टाकत आले. माफी मागताना कुणी आपल्याकडे वळून बघत नाही. तीच न मागता कुणी दिली, की सगळे वळून बघतात.

मी लेखी कळवलं की मला ही माफी नको. आठ दिवसांनी वेबसाइटवर दुसरं पत्रक आलं. 'पूर्वीच्या पत्रकातील माफी सचिवांनी नाकारल्याने त्यांचे नाव वगळण्यात येत आहे. अन्य कोणाचे नाव नजरचुकीने राहिले असल्यास क्षमस्व.' पहिलं पत्रकही तिथेच होतं. अध्यक्षांचं म्हणणं, दप्तरातून काही काढायचं नसतं. सव्वीस वर्षं सरकारी पुलांच्या फायली सांभाळलेला माणूस, त्याला मी काय शिकवणार.

आता चौघं माफ झालेले होते आणि एकटी मी शिल्लक होते. त्या शनिवारी आयसेलिनच्या दुकानात भेंडी निवडत होते, तेव्हा मंडळातल्या एका काकूंनी माझा हात हातात घेतला. "नाकारलीस ते बरं केलंस गं," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "पण केलं काय होतंस?"

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, घेतली असतीस तर काय बिघडलं असतं, मी घेतली ना. तो नागरिक होता. त्याने तळ्यात हत्ती सोडला असता तरी त्याला कुणी कुठे पाठवणार नव्हतं.

बाबांना मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. वाटलं, करमणूक होईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या कोर्टात माफीचा साक्षीदार असायचा. त्याला माफी मिळायची, पण आधी बाकीच्यांबद्दल सगळं सांगावं लागायचं. तुमच्याकडे काहीच न सांगता मिळते?"

"हो."

"काय केलं ते तरी लिहिलं आहे का त्याच्यात?"

"नाही. जे काही केले असेल ते."

"मग ते माफीपत्र नाही ना बेटा," बाबा म्हणाले. "ते कोरं आरोपपत्र आहे. ज्याला जे पाहिजे ते तो भरेल." आणि मग नेहमीचं, "तारीख लागली का?"

तारीख मार्चमध्ये लागली. मुलगी फिलाडेल्फियात सरकारी बचाव वकील आहे. ज्यांना वकील परवडत नाही अशांचे खटले लढवते. माझ्यासाठी ती एका रविवारी घरी आली आणि मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून तिने माझी तालीम घेतली. मी मराठीत बोलते आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, हा आमचा नियम. पण त्या दिवशी गांभीर्य म्हणून ती मराठीत बोलली.

"आई, लिसन. खोटं बोलायचं नाही. पण विचारल्याशिवाय काही सांगायचं पण नाही. व्हॉलंटियर नाही करायचं."

"आणि विचारलंच तर?"

"तर दोन सेंटेन्सेस. मॅक्स." मग माझ्याकडे बघून, "तुला कुठलीही गोष्ट दोन सेंटेन्समध्ये सांगता येते का? मी आजपर्यंत ऐकलेली नाही."

मी तिला विचारलं, समजा खरोखरच्या राष्ट्राध्यक्षांनी मला माफी दिली असती, तर? ती हसली. राष्ट्राध्यक्षांची माफी फक्त केंद्राच्या कायद्याविरुद्धच्या गुन्ह्यांना चालते, म्हणाली; तळं काउंटीचं. म्हणजे देशातल्या सर्वांत ताकदवान माणसाने मनात आणलं असतं, तरी आमचा गणपती त्याच्या हाताबाहेर होता. हे ऐकून मला आधार वाटायला हवा होता. वाटलं ते एवढंच, की ज्यातून सुटायचं त्याला दारच नाही.

त्या दिवसांत मी झोपायचे नीट, जेवायचे नीट, पण दिवसभर डोक्यात तो प्रश्न चालू असायचा. 'नाही' म्हटलं आणि उद्या कुणी ते पत्रक पुढे केलं, तर शपथेवर खोटं बोलल्याचा नवा गुन्हा, आणि तो चांगला मोठा. 'हो' म्हटलं, तर अर्ज अडकणार. ते पत्रक कोण वाचणार, असं नवरा म्हणायचा. संदर्भ विभागात माझी अठरा वर्षं गेली आहेत. जे कुणी वाचणार नाही असं सगळ्यांना वाटतं, तेच शोधत कुणीतरी टेबलापाशी येतं.

मुलाखत घेणारी अधिकारी माझ्याच वयाची होती, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. तिने माझ्याकडून एक वाक्य वाचून घेतलं, एक लिहून घेतलं, घटनेवरचे प्रश्न विचारले आणि मग ती यादी सुरू केली. तुम्ही कधी हुकूमशाही पक्षाच्या सभासद होतात का? कधी कुणाचा छळ केलात का? कधी नरसंहारात भाग घेतलात का? मी नाही, नाही, नाही म्हणत होते, आणि तिला तालात टाइप करायची सवय झालेली दिसत होती. मग तो प्रश्न आला.

मी "हो" म्हटलं.

तिची बोटं थांबली. "काय केलंत?"

"आम्ही काही जणांनी एका देवाला तळ्यात सोडलं. तळ्यावर मनाईची पाटी होती." दोन वाक्यं. मुलीला माझा अभिमान वाटावा अशी.

"जिवंत?" तिने विचारलं.

"नाही. मातीचा."

"पोलीस आले होते?"

"नाही."

"दंड, नोटीस, काही?"

"नाही."

"मग तुम्ही हे मला का सांगताय?" ती म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. आणि इथे माझ्या तोंडून तिसरं वाक्य गेलं. मी म्हटलं, "कारण आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी त्याबद्दल मला लेखी माफी दिली आहे, पण मी ती घेतलेली नाही."

तिने चष्मा काढला आणि पुन्हा लावला. मग ते लेखी काय आहे ते मागितलं. माझ्या फायलीत दोन्ही पत्रकं होती, कारण माझ्या फायलीत सगळंच असतं. तिने ती उलटसुलट करून पाहिली. ही कुठली भाषा, तिने विचारलं. मी सांगितलं. ती कागद घेऊन साहेबांना विचारायला गेली आणि मी पंधरा मिनिटं त्या खोलीत बसून राहिले. खोलीला खिडकी नव्हती. एक झेंडा होता, एक फोटो होता, आणि टिश्यू पेपरचा डबा होता, त्यातला एक कागद अर्धा वर आलेला.

परत येऊन तिने मला एक छापील पत्र दिलं. परकीय भाषेतल्या कागदांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल. काउंटीकडून तुमच्यावर काही कारवाई झालेली नाही असं लेखी आणा. निर्णय त्यानंतर. आवाजात दुष्टपणा नव्हता. फाइलमध्ये कागद आला की त्याचं काहीतरी करावं लागतं, हे मला तिच्याइतकंच माहीत होतं.

"तारीख वाढली?" बाबांनी विचारलं.

"वाढली."

"मला वाटलंच होतं. नाही म्हणणारा त्याच दिवशी सुटतो. कबुली दिली की तारीख वाढते." ते वॉकर घेऊन दारापर्यंत जाऊ लागले होते, असं मावशींनी मागून सांगितलं. बाबा म्हणाले, दार काही फार लांब नाही.

भाषांतर कुणाकडून करून घ्यायचं हा प्रश्न होता. दोन्ही भाषा येणारं कुणीही चालतं, फक्त खाली सही करून द्यायची. पण मी ज्यांना विचारू शकत होते ते सगळे त्या पत्रकात माफ झालेले होते. मुलीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. शेवटी मी मंडळाच्या नव्या अध्यक्षाला विचारलं, ज्याने चौकशीचं आश्वासन दिलं होतं त्यालाच. तो शनिवारी लॅपटॉप घेऊन लायब्ररीत आला आणि माझ्यासमोर बसून भाषांतर करू लागला.

"ताई, 'जे काही केले असेल ते' याचं काय करू?" त्याने विचारलं. "इंग्लिशमध्ये फार डेंजरस वाटतंय."

"मराठीत पण वाटतं. आहे तसं राहू दे."

त्याने तसं लिहिलं, सही केली. मग मी विचारलं, तुमच्या त्या चौकशीचं काय झालं.

"ती इलेक्शनपुरती होती यार," तो म्हणाला, आणि जीभ चावून, "सॉरी, ताई. कोणाला वेळ आहे. आम्हालाच यंदाच्या गणपतीला हॉल मिळत नाहीये."

म्हणजे ज्या संकटातून अध्यक्षांनी आम्हाला आगाऊ वाचवलं, ते येणारच नव्हतं.

काउंटीचं पत्र यायला सहा आठवडे लागले. बागेचे नियम मोडणं हा फौजदारी गुन्हा नाही, पहिल्या वेळी तोंडी समज देतात, आणि माझ्या नावावर तशी समजही नाही, असं त्यात होतं. खाली एक ओळ जास्तीची होती. सप्टेंबरात देखभाल विभागाने तळ्यातून 'बागेतील शोभेची वस्तू, एक' बाहेर काढली होती. ती हरवल्या-सापडलेल्या वस्तूंत तीन महिने ठेवली, मालक न आल्याने निकालात काढली. मूर्ती शाडूची नव्हती. प्लास्टरची होती. विरघळला असं समजून मी ज्याचा निरोप घेतला, तो थँक्सगिव्हिंग उलटून जाईपर्यंत काउंटीच्या गोदामात छत्र्या आणि सायकलींच्या मध्ये आमची वाट बघत बसला होता.

मी हे अध्यक्षांना सांगितलं नाही. त्यांनी स्वतःला माफ केलं होतं. राहू दे, म्हटलं.

मे अखेरीस अर्ज मंजूर झाला आणि जूनमध्ये शपथविधी ठरला. मावशी त्याच्या पंधरा दिवस आधी मुलाकडे राहायला गेल्या होत्या; शेजारची मुलगी बाबांना दोन वेळचा डबा देत होती. शपथविधीच्या पत्राच्या मागच्या बाजूला एक छोटी प्रश्नावली असते. त्यात पुन्हा तेच: मुलाखतीनंतर आजपर्यंत, अटक न झालेला एखादा गुन्हा? मी रांगेत उभी राहून 'नाही' वर खूण केली. कागद पर्सवर धरला होता, म्हणून ती चौकटीबाहेर गेली.

हॉलमध्ये दोनेकशे माणसं होती, कितीतरी देशांची. प्रत्येकाला हातात मावेल एवढा झेंडा दिला होता. मोठ्या पडद्यावर डोंगर आणि गव्हाची शेतं दाखवत होते. मग आम्ही उभं राहून हात वर केला आणि सगळं म्हटलं, शस्त्रांसकट. पुढच्या रांगेतली एक म्हातारी बाई रडत होती. मला हसू येईल असं मी धरून चालले होते, पण आलं नाही. शेवटचे शब्द मी शेजारच्यांपेक्षा मोठ्याने म्हटले, आणि ते मी इथे लिहिते आहे कारण शपथेवर नसलं तरी खरं आहे.

बाहेर नवरा आणि मुलगी होती, आणि सूट घालून अध्यक्ष आले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. श्रीफळ नव्हतं, नारळ काय आहे हे सिक्युरिटीला पटवता न आल्याने तो दारात जमा झाला होता.

"बघा सचिवबाई," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले होते, "कवच कामाला आलं की नाही?"

मी हो म्हटलं. पाया पडले.

संध्याकाळी बाबांना फोन लावला. तिकडे पहाट होती, ते जागेच होते. निकाल लागला, म्हटलं. ते म्हणाले, "चांगला लागला ना?" आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, "कधी येतेस?"

मी सांगितलं. आधी अमेरिकन पासपोर्ट काढायचा. मग भारतीय पासपोर्ट परत करायचा, आणि तो परत केल्याचा दाखला घ्यायचा. मग ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात हवं तितकं राहू देणाऱ्या कार्डाचा, अर्ज. त्याला किती आठवडे लागतील हे कुणी सांगत नाही. तोवर थांबायचं नसेल, तर पर्यटक म्हणून व्हिसा.

"पर्यटक," बाबा म्हणाले. "नागपूरला." बेंच क्लार्कच्या सवयीने त्यांनी ते नोंदीसारखं मनात ठेवलं. "म्हणजे किती दिवस राहता येईल तुला?"

मी कागदावर बघितलं. अमेरिकन नागरिकाला पर्यटक व्हिसावर भारतात सलग एकशेऐंशी दिवस राहता येतं.